फितीचे दोन पदर

आमच्या विभागाची नवी इमारत दिवाळीलाच बांधून तयार झाली होती, पण तिच्यात पाऊल टाकायची कोणालाच परवानगी नव्हती. उद्घाटन व्हायचं होतं. उद्घाटनाला मोठा माणूस हवा होता आणि मोठ्या माणसाला वेळ नव्हता. त्यामुळे हिवाळाभर आम्ही समोरच्या पत्र्याच्या बराकीत शिकवत राहिलो आणि खिडकीतून आपल्याच इमारतीकडे परक्यासारखे बघत राहिलो. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. भूगोल विभागात मी नुकतीच तात्पुरत्या नेमणुकीवर लागले होते. फेब्रुवारी सरला तसा बराकीचा पत्रा तापू लागला. दुपारच्या तासाला मुलं वह्यांनी वारा घेत आणि मी त्यांना समशीतोष्ण कटिबंध समजावून सांगत असे. समोरची इमारत कुलूप लावून गार बसलेली असे.

होळी झाल्यावर एकदाचा मुहूर्त लागला. उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातले एक वयोवृद्ध प्राध्यापक प्रमुख पाहुणे म्हणून यायला तयार झाले, आणि आमच्या विभागप्रमुखांच्या अंगात आलं. मंडप, स्वागतगीत, सरबत, सगळं झालंच पाहिजे आणि सगळं इथलं पाहिजे. हार संत्र्याच्या फुलांचे करता येतील का, असं त्यांनी माळ्याला विचारून पाहिलं. माळी फक्त हसला. मग त्यांनी मला बोलावलं.

"तुमच्या घरी माग आहे ना? मग फीत बाजारातून कशाला आणायची? आपल्या गावच्या हातमागावरची फीत कापू."

माग आमच्या घरी होता, म्हणजे अजून होता. नागपुरात इतवारीच्या मागच्या अंगाला विणकरांची वस्ती होती, तिथल्या आमच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि पायाने खालच्या पट्ट्या दाबत हाताने धोटा फेकायचा. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत घरोघर तो आवाज होता. आता आमच्या घरी आणि कोपऱ्यावरच्या एका घरी तेवढा उरला होता. धाकटा भाऊ हिंगण्याच्या कारखान्यात लागला होता. कंपनीची बस त्याला सकाळी नाक्यावरून उचलत असे. त्याचं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि नवी सून आणायची तर तिला पाय ठेवायला जागा नव्हती, कारण अर्ध्या घरात खड्डा होता. होळीनंतर माग मोडायचा, खड्ड्यात मुरूम भरायचा आणि वर फरशी घालायची, असं भावाने ठरवलं. बाबा लगेच हो म्हणाले. ते इतक्या लवकर हो म्हणाले हेच मला खटकलं होतं.

"फक्त एक शेवटचं कापड काढू द्या मले," ते म्हणाले. "मग बुजवा."

पण शेवटचं कापड कुठलं, ते ठरेना. लुगडं विणावं तर घेणार कोण? धोतर विणावं तर बाबा स्वतःच गिरणीचं धोतर नेसत होते. भावाने मुरूम आणून दाराशी ढीग घातला, तरी ठरेना. येताजाता आम्ही त्या मुरुमाला ठेचकाळत होतो. अशात मी फितीचा निरोप आणला, आणि बाबांचा चेहरा उजळला. आपलं शेवटचं कापड विद्यापीठात जाणार!

"कापाले पाहिजे ना?" त्यांनी विचारलं.

"हो. मोठे पाहुणे कापतील."

"कापू दे."

इथवर सगळं ठीक होतं. पण आमच्या घराची एक रीत होती. मागावर चढलेलं कापड पुरं झाल्याशिवाय उतरवायचं नाही. घरात काहीही होवो, अर्धं कापड मागावरून खाली यायचं नाही. आणि पुरं म्हणजे पदरासकट. बाबांनी फीत विणायला घेतली, चार बोटं रुंद, पांढरी, दोन्ही अंगांना लाल काठ. आई गेल्यापासून धोट्यातल्या सुताच्या कांड्या मीच भरत असे, सकाळी, विभागात जायच्या आधी. दुसऱ्या दिवशी कांड्या द्यायला गेले तर फितीला लाल पदर झालेला.

मी म्हटलं, "बाबा, फितीले पदर नसते."

"कापडाले असते," ते म्हणाले आणि धोटा फेकला.

एका सकाळचं काम, त्यांनी आठवडा घालवला. विणायला बसायच्या आधी लाल सूत इतवारीतून तयार आणायचं सोडून स्वतः रंगवलं. अंगणात पातेलं चढवलं, सगळ्या गल्लीला वास पोहोचवला. "जीव सोडेल, पण हा रंग सुटणार नाही," असं वर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं. फीत लांबत गेली आणि शेवटी दुसऱ्या टोकालाही पदर आला. मग त्यांनी ती मागावरून कापून उतरवली, गुडघ्यावर पसरली आणि नुसते बघत बसले. तिथे घोटाळा झाला. इतके दिवस ती फीत होती. आता ते दोन पदरांचं पुरं कापड झालं होतं आणि आमच्या घरात पुऱ्या कापडाला मधोमध कोणी कैची लावत नसे. विणकर कापड कापतो ते एकदाच, मागावरून उतरवताना. शिंप्याचा धंदा वेगळा, असं बाबा म्हणत, आणि त्या म्हणण्यात शिंप्यांबद्दल फारसा आदर नसे. कापायच्या बोकडाला नाव ठेवायचं नसतं. बाबांनी ठेवलं होतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ते म्हणाले, "मी काय म्हणतो, त्याइनं गाठ सोडली तर चालत नाही काय? कापाच काहून लागते?"

"तसं असते, बाबा."

"विचारून तर पाह्य वं."

मी सकाळी लवकर जाऊन विभागप्रमुखांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे, मी इमारत परत करायला सांगते आहे अशा नजरेने पाहिलं. "बाई, उद्घाटनात फीत कापतात. सोडतात ते गाठोडं." मी घरी परतले. बाबांना सांगितलं तर ते नुसते "बरं" म्हणाले. मात्र फीत बांधायला ते स्वतः आले. इमारतीच्या पायऱ्या चढून गेलं की पोर्चचे दोन खांब होते. त्या खांबांना त्यांनी छातीच्या उंचीवर ती ताणून बांधली, सुरकुती न पडू देता. मग मंडपात मागच्या रांगेत जाऊन बसले. धुतलेली टोपी, मांडीवर दोन्ही हात.

हवा कोंडली होती. कन्हान नदीच्या बाजूला आभाळ जांभळं झालं होतं, वारा पडला होता. मंडपात भूगोलाची निदान अर्धी रांग जाणकार मंडळी बसली होती, पण एकानेही वर पाहिलं नाही. वर कापडी छत होतं. प्रमुख पाहुणे लोकरी कोट घालून आले होते आणि आमच्या उकाड्यात कोमेजून गेले होते. भाषणं आधी आणि फीत शेवटी, असा क्रम होता. एक विद्यार्थिनी चांदीचं तबक घेऊन उभी होती, त्यात मखमलीवर कैची. सगळी सभा वक्त्याकडे बघत होती आणि बाबा तबकाकडे. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली याचा रागही आला. चार बोटांची फीत, बाजारात गजावर मिळते, तिच्यासाठी एवढं काय! असं मी मनाशी म्हणत होते आणि माझंही लक्ष भाषणात नव्हतं.

कोणीतरी विभागाच्या उज्ज्वल परंपरेपर्यंत पोहोचलं असताना बराकीच्या पत्र्यावर पहिली गार पडली. गोटी फेकावी तसा आवाज. मग दुसरी, मग सगळा पत्रा वाजू लागला. वक्त्यांनी आवाज चढवून पाहिला. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, मंडपाचं छत एका बाजूने सुटलं आणि सुपारीएवढ्या गारा थेट पाहुण्यांच्या पंक्तीत आल्या. मग जो तो उठला. कोणी खुर्ची डोक्यावर घेतली, कोणी हारांची टोपली. सगळी सभा इमारतीकडे धावली, पायऱ्या चढली आणि पुढची रांग फितीपाशी येऊन थांबली.

थांबली म्हणजे थांबलीच. दोन हातांवर पोर्चचं छप्पर होतं, त्याच्या आत उघडं दार होतं, आणि आम्ही सुशिक्षित माणसं फितीच्या अलीकडे उभं राहून डोक्यावर गारा झेलत होतो, कारण इमारतीचं उद्घाटन झालेलं नव्हतं. मागचे पुढच्यांना ढकलत होते, पुढचे पाय रोवून मागे रेलत होते. "अहो, थांबा, थांबा, अजून व्हायचं आहे," असं एक ज्येष्ठ प्राध्यापक दोन्ही हात पसरून सांगत होते. त्यांच्या टकलावर गार आपटल्याचा आवाज मला ऐकू आला. विभागप्रमुख ओरडत होते, "कैची! कैची कुठे आहे?" तबकवाली मुलगी तबक पालथं करून डोक्यावर धरून उभी होती, आणि ते तबक देवळातल्या घंटेसारखं वाजत होतं. कैची मंडपात कुठेतरी पडली होती.

प्रमुख पाहुणे सगळ्यांच्या मागून आले, सावकाश. त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी आली होती. त्यांनी वाटेत वाकून एक गार उचलली आणि तोंडात टाकली. पायऱ्या चढून आले, फितीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि मोठ्याने हसले. "अरे भाई, अंदर चलिए, सिर फूट जाएगा," असं म्हणून ते वाकले आणि फितीखालून आत गेले.

मग लोंढाच लोटला. आणि त्या लोंढ्यात ती फीत तुटणार हे मला दिसलं. कोणाचा तरी खांदा तिला लागलाही होता. तेवढ्यात बाबा कडेने वाट काढत पुढे आले. त्यांनी फीत दोन्ही हातांनी मधोमध धरली आणि डोक्याच्या वर उचलली. ते पायरीवर, उघड्यावर उभे, आणि त्यांच्या हातांखालून सगळं विद्यापीठ वाकून आत जात होतं. कुलसचिव गेले, प्राध्यापक गेले, मुलं गेली. आमच्या घराचं दार बुटकं होतं, तिथे येणारा असाच वाकून आत येई. मी आतून म्हटलं, "बाबा, या ना आत."

"जाऊ दे सगळ्याइले," ते म्हणाले. त्यांच्या टोपीवरून गारा घरंगळत होत्या. सर्वात शेवटी विभागप्रमुख वाकले. अगदी नाइलाजाने.

गारा थांबल्या तेव्हा बाहेरचं मैदान पांढरं झालेलं होतं. मी तसं नागपूर त्याआधी पाहिलं नव्हतं. बराकीचा पत्रा पांढरा, मंडपाचं कोसळलेलं कापड पांढरं, मधल्या वाटेवर खुर्च्यांचे पाय तेवढे वर. आणि थंडी! चैत्र तोंडावर आलेला, आणि आमच्या तोंडातून वाफ निघत होती. पाहुणे पुन्हा बाहेर आले. आमच्याकडे या दिवसांत अजून बर्फ पडतो, असं ते हिंदीत सांगत होते, आणि ओंजळीत गारा घेऊन त्यांचा गोळा करत होते. गोळा होत नव्हता, तरी ते सोडत नव्हते. ते बघून आमच्या ज्येष्ठांनाही धीर आला. कोणी रुमालात गारा बांधल्या. मुलींनी सरबताच्या पातेल्यात ओंजळी ओतल्या. एका कारकुनाने मुलांना दाखवायला म्हणून डबा भरून घेतला, सीताबर्डीपर्यंत त्याचं पाणी झालं असेल. मघाचे टकलावर गार खाल्लेले प्राध्यापक एका विद्यार्थ्याला नेम धरून गार मारताना मी पाहिले. नेम चुकला. मीही एक गार तोंडात टाकली. तिला धुळीची चव होती. तो अर्धा तास मला फार आवडला. आसपासच्या गावांत त्याच गारांनी उभा गहू आडवा केला, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

गारा विरघळल्या तशी कैची सापडली. विभागप्रमुखांनी ती रुमालाने पुसली, तबकात ठेवली आणि फोटोग्राफरला हाक मारली. फीत शाबूत होती, पाहुणे हजर होते, मग राहिलेलं काम उरकून टाकू, असा त्यांचा हिशेब. बाबा तेव्हा खांबाला टेकून उभे होते. तबक येताना पाहून ते सरळ झाले. त्यांचा हात फितीवर गेला आणि तिथेच राहिला.

"सर, एक मिनट, फोटो के लिए," विभागप्रमुख म्हणाले.

पाहुण्यांनी ओंजळीतलं पाणी झटकलं. "अंदर तो मैं हो आया. अब बाहर आकर फिर से अंदर जाऊँ?" ते म्हणाले. "फोटो इसका लीजिए." आणि त्यांनी मैदानाकडे हात केला. मोठ्या माणसापुढे कोण बोलणार? तबक आत गेलं. आमच्या विभागाच्या भिंतीवर उद्घाटनाचा जो फोटो पुढे कित्येक वर्षं होता, त्यात फीत नाही, कैची नाही. सुटाबुटातली माणसं ओंजळी पुढे करून उभी आहेत आणि ओंजळीत काय आहे ते नीट दिसत नाही.

मी धावतच बाबांकडे गेले. ते गाठी सोडत होते. मला वाटलं होतं, गडी खूष असेल. त्यांनी फीत हातावर घेतली आणि माझ्यापुढे धरली. लाल काठाचा रंग सुटला होता. पांढऱ्यात गुलाबी ओघळ उतरले होते, दोन्ही पदर डागाळले होते.

"वाचलं ना, बाबा, कापड," मी म्हटलं.

"याले वाचलं म्हणतेत काय वं?"

रिक्षात बसून आम्ही घरी निघालो. फीत मांडीवर होती, त्यांच्या धोतरालाही तिचा रंग लागला.

दुसऱ्या दिवशी भावाने कारखान्यातून रजा घेतली होती, खड्डा बुजवायला. फावडं आणि घमेलं घेऊन तो पुढच्या खोलीत आला तर बाबा खड्ड्यात बसून मागावर उभ्या धाग्यांचा नवा ताणा जोडत होते. एकेक धागा घेत होते, गाठ मारत होते, वर पाहत नव्हते.

"बाबा, काय करून राहिले?"

"शेवटचं कापड."

"ते झालं ना काल."

"त्याचा रंग सुटला," बाबा म्हणाले. "शेवटचं कापड असं राहत नसते."

भाऊ रागीट होता. मी दारात उभी राहून वाट पाहत होते, आता भडकेल, आता घमेलं आपटेल. त्याने फावडं खांद्यावर टाकलं. मग बाहेर गेला आणि मुरुमाचा ढीग घमेल्याने उचलून गल्लीच्या टोकाला नेऊन टाकू लागला. दुपारपर्यंत सगळा मुरूम गेला. मला तेव्हा त्याचा फार अभिमान वाटला. त्याला तो कळला असता तर त्याने माझी टर उडवली असती.

वैशाखात भावजय आली. तिला आतली खोली दिली. मी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी अंथरूण घालू लागले आणि बाबा मागाशेजारी झोपत. आठवडाभरात ती कांड्या भरायला शिकली, माझ्यापेक्षा चांगल्या भरू लागली. ते शेवटचं कापड झालं, एक पंचा. बाबांनी तो उजेडात धरला आणि काठ एका जागी ढिला आहे म्हणाले. मग दुसरं शेवटचं कापड लावलं. त्याच्या पदरात एक धागा चुकला. जन्मभर त्यांनी स्वतःच्या कामात एवढ्या खोडी काढल्या नव्हत्या. व्यापाऱ्याने काढली तर भांडत. आता मात्र दर कापडात काहीतरी सापडेच, आणि ते सापडलं की रात्रीच्या जेवणाला दोन घास जास्त जात. मी विभागात कायम झाले. भावाने मोटारसायकल घेतली. खड्डा तिथेच होता, आणि त्याच्याबद्दल घरात कोणी बोलत नसे.

बाबा गेले तेव्हा मागावर कापड होतं. हातभर विणायचं आणि मग पदर, एवढंच राहिलं होतं. अर्धं उतरवायचं नाही ही रीत, आणि घरात विणणारा कोणी नाही. तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी भाऊ कामावरून आला, कंपनीचे कपडे काढून खुंटीला लावले, बाबांचा पंचा गुंडाळला आणि खड्ड्यात उतरला. पोरवयानंतर तो तिथे बसला नव्हता. पायाखालच्या पट्ट्या चुकत होत्या, धोटा दोनदा जमिनीवर पडला. भावजयीने कांड्या दिल्या. मी कंदील वर धरला, कारण त्या कोपऱ्यात विजेचा उजेड पोचत नसे. बऱ्याच संध्याकाळी गेल्या त्यात. शेवटी पदर झाला. भावाने कापड मागावरून कापून उतरवलं आणि माझ्या हातात दिलं.

पदर वाकडा होता. एका कडेला वीण इतकी सैल की बोट आरपार जावं. बाबांनी तो उजेडात धरला असता, मान हलवली असती, आणि हे शेवटचं नव्हे म्हणून सकाळी पुन्हा खड्ड्यात उतरले असते. मी ते कापड घडी करून फितीशेजारी पेटीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी भावाने मुरूम आणला, आणि आम्ही खड्डा बुजवला.